ताईला ऐकू येणारा समुद्र

झोपण्याआधी ताई दोन्ही कानांतली श्रवणयंत्रं काढते, मऊ फडक्यानं पुसते, चार्जरच्या डबीत ठेवते आणि झाकण लावते. झाकण टक् करून बसलं की आमचं बोलणं त्या दिवसापुरतं संपतं. त्यानंतर तिला काही सांगायचं तर दिवा लावायचा, तिच्यासमोर जायचं आणि ओठ नीट हलवत बोलायचं. मोटरहोममधल्या, म्हणजे आमच्या चाकांवरच्या घरातल्या, पहिल्या रात्री तिनं डबी बंद केली, मी दिवा मालवला. पाचेक मिनिटं गेली असतील. अंधारातून तिचा आवाज आला, "केवढा वाजतोय गं!"

मी धडपडत उठले. हीटरचा पंखा घरघरतोय का, पाण्याचा पंप चालू राहिलाय का, बघायला लागले. तिनं माझा हात धरला. "अगं, समुद्र. मशीन न लावता ऐकू येतोय."

वयानुसार जाणारा कान सगळाच्या सगळा एकदम जात नाही. आधी जातात ते वरच्या पट्टीतले आवाज. पाखरांची किलबिल, घड्याळाचा बारीक गजर, आणि बोलण्यातले स, श, फ, थ. खालच्या पट्टीतले आवाज त्या मानानं बराच काळ टिकतात. म्हणून कोणीतरी बोलतंय हे कळतं, पण काय बोलतंय ते कळत नाही. घरातली माणसं मग आवाज चढवतात. त्यानं स्वर तेवढे मोठे होतात, व्यंजनं होती तिथंच राहतात, आणि ऐकणाऱ्याला वाटतं की आपल्यावर ओरडतायत. ताईच्या बाबतीत मी हे कितीदा केलंय, ते मला ठाऊक आहे.

लाटेलाही दोन आवाज असतात. फेस वाळूवरून सरकतो त्याची सळसळ वरच्या पट्टीतली. पाण्याची उभी भिंत आडवी कोसळते त्याचा दणका अगदी खालचा. शांत दिवसांतल्या बुटक्या लाटांत सळसळच जास्त असते. थंडीतल्या थोराड लाटांत दणका असतो, आणि तो नुसता हवेतून येत नाही, जमिनीतूनही येतो. ताईनं पलंगाखालच्या फळीवर तळहात टेकवला, मलाही टेकवायला लावला. दर लाटेला फळी अगदी किंचित थरथरत होती. चाकांतून, गाडी स्थिर राहावी म्हणून खाली टेकवलेल्या चार पायांतून, समुद्र वर चढत होता. तिनं आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला. त्यामुळे अंधारातच मला हेही कळलं की समुद्राच्या लाटांनी जमिनीत उठणारी ही थरथर भूकंपमापकांवर किनाऱ्यापासून खूप आत, खंडाच्या मध्यावरही सतत उमटत असते. मी ऐकत राहिले. हो म्हणायची सोय नव्हती, दिवा बंद होता. म्हणून तिच्या मनगटावर बोटानं दोनदा टिचकी मारली. तिनंही मारली.

हंगाम उलटल्यावरच जाऊ, हा हट्ट तिचाच होता. गर्दीच्या दिवसांतला किनारा तिला सोसत नाही. श्रवणयंत्र सगळंच मोठं करतं. पोरांचा कल्ला, शेजारच्या गाडीतलं गाणं, खुर्च्या ओढल्याचा खरखराट, आणि त्यात समोरचा माणूस तिला काही विचारत असतो. नव्या यंत्रांत गोंगाट वेगळा काढायची सोय असते, तिच्या यंत्रातही आहे, पण गर्दीत ती पुरी पडत नाही. अशा ठिकाणी दोन तास बसली की तिचं डोकं दुखायला लागतं. माझं म्हणणं होतं की थंडीत सगळं बंद असतं, वारा असतो, दिवस लहान असतो. ती म्हणाली, "बंद असू दे ना. मला बंदच हवंय."

तसं ते बंदच होतं. साठेक गाड्या उभ्या राहतील एवढी कॅम्पसाइट, आणि आमच्याशिवाय एकच गाडी. बहुतेक जागांवरचे नळ मुद्दाम सोडवून रिकामे केलेले, कारण थंडीत नळीतलं पाणी गोठलं की ते फुगतं आणि नळी फाडतं. पाणी भरायचं तर फाटकाजवळच्या एकाच नळावर. आमच्या गाडीची टाकी १०० लिटरची. घरी शंभर लिटर कुठं जातं ते कळतही नाही. इथं तिसऱ्या दिवशी आम्हाला भांडी धुण्याला किती लागतं, तोंड धुण्याला किती, हे मापासकट पाठ झालं होतं.

जागा निवडायला आम्हाला पाऊण तास लागला. सगळ्या जागा मोकळ्या असल्या की निवड करणं जास्त अवघड होतं. मला पाण्याच्या अगदी जवळची हवी होती. ताई खाली उतरून किनाऱ्यावर चालत गेली आणि मला हाक मारून बोलावलं. वाळूवर भरतीनं सोडलेल्या शेवाळाच्या, काड्यांच्या, शिंपल्यांच्या दोन रेघा होत्या. खालची ओली, ताजी. दुसरी तिच्या बरीच वर, वाळलेली. बोटानं चुरली तर तिचा भुगा होत होता. "खालची रेघ आजची," ती म्हणाली. "वरची गेल्या उधाणाची. आणि अमावास्या दोन दिवसांवर आहे." आम्ही वरच्या रेघेच्याही बऱ्याच मागे, वाळूच्या टेकड्यांच्या आडोशाला, खडीच्या पक्क्या जमिनीवर गाडी लावली. टेकड्यांवर गाडी चढवायची नाही, त्यांच्यावरचं गवत तुडवायचं नाही. त्या गवताच्या मुळांनीच ती वाळू धरून ठेवलेली असते.

गाडी समतल करायला मागच्या चाकांखाली प्लॅस्टिकचे उतरते ठोकळे टाकले. ओट्यावर पाण्याची वाटी ठेवून ताई बघत होती आणि बोटानं खुणावत होती, थोडं अजून, थोडं अजून, बस. हे नुसतं झोपेत घरंगळू नये म्हणून नसतं. आमच्यासारख्या जुन्या गाडीतला गॅसवर चालणारा फ्रिज नीट समतल नसेल तर त्याच्या आतला द्रव हवा तसा वाहत नाही आणि तो गार करणं सोडतो.

सकाळी जाग आली ती गालावर थेंब पडला म्हणून. छताची खिडकी आतून घामेजली होती. समोरच्या काचेवर तर ओघळ लागले होते. मी उशाशीच्या खिडकीकडे निरखून बघत बसले. काचेच्या वरच्या कडेला बारीक दव साचलेलं, त्यातला एक थेंब शेजारच्या दोन थेंबांना गिळून जड होतो, क्षणभर थांबतो, मग एकदम खाली धावतो आणि त्याच्यामागे काचेवर स्वच्छ वाट उरते. त्या वाटेतून मला राखाडी समुद्राची बोटभर पट्टी दिसली. ते सगळं पाणी आमचंच होतं. दोन माणसं रात्रभर श्वास घेतात, त्यातून अर्धा लिटरच्या आसपास पाणी हवेत जातं. शेगडी पेटवली की त्यात आणखी भर पडते, कारण एक किलो प्रोपेन जळला की सुमारे १.६ किलो पाण्याची वाफ तयार होते. घरात ती कुठंतरी विरून जाते. सहा मीटरच्या डब्यात ती गार काच शोधते.

यावरूनच आमचं भांडण झालं. तिसऱ्या रात्री ताईनं छताची खिडकी घट्ट लावून घेतली आणि खालच्या हवेच्या झरोक्यावर टॉवेल कोंबला. गार हवा नेमकी तिच्या पायांवर येत होती. मी टॉवेल काढला. तिनं परत कोंबला. मी दिवा लावला आणि तिच्यासमोर उभी राहून बोलले, आणि मला जे करायचं नव्हतं तेच केलं, आवाज चढवला. तो झरोका मुद्दाम दिलेला असतो. गॅस जळत असताना हवा कमी पडली तर कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला वास नाही, रंग नाही, झोपेतला माणूस झोपेतच जातो. गाडीत त्याचा भोंगा बसवलेला आहे, पण भोंगा किंचाळतो तो वरच्या पट्टीत. "तुला तो ऐकू येणार नाही, ताई. मला काही झालं तर तुला कोण उठवणार?" ती माझ्या ओठांकडे बघत होती. मग तिनं टॉवेल उचलला, घडी केला, पायांवर ओढून घेतला आणि कुशीवर वळली. लग्न होऊन मी घर सोडलं त्याला तीस वर्षं झाली. तेव्हापासून आम्ही दोघी एका छपराखाली सलग तीन रात्री कधी झोपलोच नव्हतो. तिचे पाय गार पडतात, हे मी विसरून गेले होते. दुसऱ्या दिवशी पलंगाची दिशा बदलली. डोकं झरोक्याकडे, पाय आतल्या बाजूला. मग तक्रार उरली नाही.

गॅसबद्दल एक सांगायला हवं, कारण थंडीत निघणारे बरेच जण यात अडकतात. ब्यूटेन उणे अर्ध्या अंशाला उकळतो, म्हणजे बाहेर पाणी गोठायला आलं की सिलिंडर भरलेला असूनही त्यातून गॅस येईनासा होतो. प्रोपेनचा उत्कलनबिंदू उणे ४२. थंडीत प्रोपेनच घ्यायचा. आणि विजेचं गणित वेगळंच. छतावरचं सौर पॅनेल उन्हाळ्यात जेवढं देतं त्याचा लहानसा हिस्सा थंडीत मिळतो. सूर्य खाली, दिवस आखूड, त्यात ढग. आमची बॅटरी जुन्या शिसं-आम्लाच्या जातीची, अर्ध्याच्या खाली वारंवार उतरवली तर लवकर मरते, आणि गारठ्यात तिची ताकद आधीच कमी झालेली असते. म्हणून आम्ही क्रम ठरवला होता. पहिला मान ताईच्या डबीचा. मग पंप, मग दिवा. फोन सगळ्यांत शेवटी. तो बहुतेक वेळ बंदच राहिला.

सहाव्या दिवशी वारा चढला. फ्रान्सिस ब्यूफोर्ट या ब्रिटिश नौदल अधिकाऱ्यानं १८०५ साली वारा मोजायची एक पट्टी केली, ० ते १२. तिची गंमत अशी की ती यंत्राची नाही, डोळ्यांची आहे. मुळात कोणत्या वाऱ्यात जहाजाला किती शिडं पेलतील यावर ती उभी होती. पुढं जमिनीवरच्या खुणा आल्या. सहाला छत्री धरणं कठीण, सातला अख्खी झाडं हलतात, आठला झाडांच्या काटक्या मोडतात. त्या रात्री मला गाडीच्या आतल्या खुणा कळल्या. आधी कपाटातले चमचे एकमेकांना लागून किणकिणले. मग छताच्या खिडकीनं धरलेला सूर चढत गेला. मग ओट्यावरच्या वाटीतल्या पाण्यात वर्तुळं उठली. आणि त्यानंतर अख्खी गाडी स्प्रिंगवर डोलायला लागली, कुणी बाजूला खांदा लावून ढकलावं तशी. यातलं पहिलं दुसरं ताईला ऐकू आलं नाही. तिसरं तिनं पाहिलं. चौथ्याला ती उठून बसली आणि कानात मशीनं घातली.

दुसऱ्या गाडीत एक म्हाताऱ्या बाई एकट्या होत्या. वाऱ्यात चालत आल्या, आमच्या काचेवर टकटक केलं आणि म्हणाल्या, "तोंड वाऱ्याकडे करा." एवढं सांगून परत गेल्या. गाडी आडवी उभी होती, म्हणजे तिची सगळ्यांत मोठी बाजू वाऱ्याला दिलेली. मी खाली वाकून ठोकळे काढले. तोंडावर वाळू सुईसारखी टोचत होती. ताई टॉर्च धरून उभी राहिली. अंधारात तिला माझं बोलणं ऐकू येत नव्हतं, वाऱ्यात यंत्रांत नुसता खळखळाट होतो. मग टॉर्चनंच ठरलं. दोनदा उघडझाप म्हणजे मागे ये, एकदा म्हणजे थांब. गाडीचं नाक वाऱ्याकडे वळलं आणि डोलणं जवळजवळ थांबलं. इतका साधा उपाय.

हवेचा दाबही उतरला होता. दाब एक मिलिबारनं कमी झाला की समुद्राची पातळी साधारण एका सेंटीमीटरनं वर येते. वर वाऱ्यानं किनाऱ्याकडे लोटलेलं पाणी वेगळंच. सकाळी आम्ही पाहिलं, पाण्यानं वरची वाळकी रेघ ओलांडून नवी रेघ आणखी वर काढली होती, आणि अमावास्या होऊन चार दिवस झाले होते, उधाणाचा भर ओसरला होता. गाडीपासून ती नवी रेघ चाळीस पावलांवर होती. मी मोजली.

खरा बदल किनाऱ्यावर होता. टेकड्यांमधून खाली वाळूवर उतरायला लाकडी पायऱ्या होत्या. आदल्या दिवशी शेवटच्या पायरीवरून पाऊल थेट वाळूवर पडायचं. आता ती पायरी माझ्या कमरेच्या उंचीवर लोंबकळत होती. खाली वाळू नव्हती, गोटे होते, काळे, ओले, कित्येक महिन्यांत हवा न लागलेले. मी हळहळले. ताईनं माझं तोंड बघितलं आणि समुद्राकडे हात केला. किनाऱ्यापासून दीडदोनशे मीटरवर, जिथं काल काही नव्हतं, तिथं लाटा फुटत होत्या. "वाळू तिथं आहे." थंडीतल्या उंच, जवळजवळ येणाऱ्या लाटा किनारा खरवडतात आणि वाळू आत नेऊन पाण्याखाली एक बांध घालतात. मग मोठ्या लाटा त्या बांधावरच फुटतात आणि किनाऱ्याला पोचेपर्यंत त्यांचा जोर मोडलेला असतो. पुढं हवा निवळली, लाटा सपाट आणि लांब झाल्या की त्याच लाटा तीच वाळू हळूहळू परत आणून लावतात. यातली थोडी दर वर्षी दुसरीकडे निघून जाते, सगळीच परत येते असं नाही. पण उन्हाळ्यात येणारा माणूस जो रुंद किनारा बघतो, तो या जाण्यायेण्यातला एकच मुक्काम असतो. मी इतकी वर्षं समुद्रावर गेले, पण मला हे माहीत नव्हतं. मी नेहमी एकाच ऋतूत जात आले होते.

गोट्यांच्या पुढं ओल्या वाळूची एक अरुंद पट्टी उरली होती. तिच्यावर पांढुरके बारके पक्षी धावत होते, तुतवारांच्या गोतावळ्यातले, सँडरलिंग. मूठभर जीव, वजन पन्नास-साठ ग्रॅमचं. लाट मागे सरली की तिच्या पाठोपाठ पळत जातात, वाळूत चोच खुपसतात, पुढची लाट आली की तिच्या पुढ्यात पळत परत. पाय इतके भरभर पडतात की दिसत नाहीत, पक्षी नुसता घसरत गेल्यासारखा वाटतो. ते उडून गेल्यावर ताई उकिडवी बसून ठसे बघत होती. तीन बोटं पुढं, मागे काही नाही. या पक्ष्याला मागचं बोटच नसतं. त्याची वीण उत्तर ध्रुवाजवळच्या उघड्या प्रदेशात होते आणि थंडीत तो जगभरच्या किनाऱ्यांवर पसरतो. त्या पक्ष्यांचा चिवचिवाट चालू होता, ताईला तो मशीन लावूनही नीट येत नव्हता. "काय म्हणतायत?" तिनं विचारलं. मी तिच्या हातावर बोटांच्या टोकांनी भराभर टिचक्या मारून दाखवल्या, बारीक, तुटक. ती हसली. "अस्सं."

भरतीची वेळ रोज पन्नास मिनिटांनी पुढं सरकते, कारण आपण एक गिरकी घेईपर्यंत चंद्रही थोडा पुढं गेलेला असतो. हे आम्ही दोघींनीही शाळेत शिकलोय, तिनं तर शिकवलंय. पण एका जागी राहिलं तरच ते अंगात उतरतं. आमचं फिरणं ओहोटीला बांधलेलं होतं. पहिल्या आठवड्यात ते सकाळचं होतं, मग दुपारच्या जेवणावर आलं, मग संध्याकाळवर. अष्टमीच्या सुमाराला भांगाची भरती इतकी आळसावलेली की पाणी चढलं का उतरलं ते कळेना. मग चंद्र भरत गेला तशी भरतीही भरत गेली. मोटरहोम घेतली तेव्हा मला वाटायचं, आता रोज नवं गाव. इथं कळलं की चाकांवरचं घर असल्यानं मला हवं तिथं हवं तितकं थांबता येतं. कुणाची खोली सोडायची नाही, कुणाला वेळ द्यायचा नाही, फक्त टाकी भरायची आणि सांडपाण्याची टाकी नेमल्या जागीच रिकामी करायची.

शेवटच्या दिवसांत ताई लाटा मोजायला लागली. पायऱ्यांजवळ एक खांब होता. एका लाटेचा माथा खांबाशी आला की घड्याळ, पुढच्या लाटेचा आला की पुन्हा. वादळाच्या वेळी सात-आठ सेकंद येत होते. जवळच्या वाऱ्यानं उठवलेल्या लाटा अशाच घाईच्या असतात. लांबून आलेल्या लाटांत अंतर जास्त. खोल समुद्रात जास्त सेकंदांच्या लाटा जास्त वेगानं जातात, त्यामुळे दूरच्या वादळाची वर्दी आधी त्याच आणतात. सोळा सेकंदांची लाट आली तर तिचा लोंढा ताशी ४५ किलोमीटरनं, दिवसाला हजारावर किलोमीटर कापत आलेला असतो. वॉल्टर मंक हा समुद्रशास्त्रज्ञ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९६३ साली न्यूझीलंडपासून अलास्कापर्यंत एका रांगेत मोजणी-केंद्रं लावली आणि अंटार्क्टिकाजवळच्या वादळांतून निघालेल्या लाटांचा अख्ख्या पॅसिफिकभर माग काढला. दहा हजार किलोमीटरहून जास्त जाऊनही त्या लाटांची ओळख पटत होती. ताई हे सांगताना वर्गात उभी असल्यासारखी सांगत होती, आणि मी पहिल्या बाकावर.

पंधराव्या दिवशी निघायचं ठरलं होतं. पहाटे मी आवरायला सुरुवात केली. दाराच्या बिजागऱ्यांवर मिठाची पांढरी पूड जमली होती, ती गोड्या पाण्यानं पुसली. गाडीचा तळ घरी गेल्याबरोबर धुवायचा, हे मनात घोकत होते. मीठ हवेतली ओल ओढून घेतं आणि लोखंडाला सुकूच देत नाही. आठ दिवसांपूर्वी वाळत घातलेला टॉवेल अजून दमट होता. मी बाहेर वाकून पहिला ठोकळा काढला. समुद्र सपाट होता, वारा नव्हता. कितीतरी वेळानं एखादी लाट सावकाश उठायची आणि तशीच सावकाश पडायची.

आत आले तर ताई पलंगावर बसलेली. डबी बंदच होती, कानात काही नव्हतं. एक तळहात फळीवर, दुसऱ्या हातात घड्याळ. मी आल्याचं तिला कळलं नाही. मी थांबून राहिले. एक थरथर गेली. मग बराच वेळ काही नाही. मग दुसरी.

तिनं डोळे उघडले, मी समोर दिसले. "सोळा," ती म्हणाली. "कुठंतरी लांब मोठं वादळ झालंय. येतायत."

टाकीत तीस लिटर पाणी होतं. गॅस होता. मी बाहेर गेले आणि ठोकळा चाकाखाली परत सरकवला.